अमेरिकेत 'एमआयएस' शिकताना

हल्ली अनेक घरांत एक संवाद ऐकू येतो. "मुलगी कुठे असते?" "अमेरिकेत. एमएस करतेय." "कशात?" "इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये." "म्हणजे कॉम्प्युटरच ना?" "हो, तसंच काहीतरी." आणि विषय तिथेच संपतो. या 'तसंच काहीतरी'साठी पुष्कळदा राहते घर बँकेकडे तारण ठेवलेले असते, वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढलेली असते आणि बावीस-तेवीस वर्षांचे मूल सातासमुद्रापलीकडे एकटे राहत असते. तेव्हा हे शिक्षण म्हणजे नेमके काय, तिथले दिवस कसे जातात आणि कोणत्या गोष्टी सांभाळाव्या लागतात, हे आज जरा सविस्तर पाहू.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर आला. त्यांतले १,९६,५६७ जण पदव्युत्तर शिक्षण घेत होते. माहिती प्रणाली, म्हणजेच इन्फर्मेशन सिस्टिम्स, हा विषय घेणारी आपली मुलेही याच गर्दीतली.

दूध डेअरी आणि डबेवाले

माहिती प्रणाली म्हणजे काय, हे समजून घ्यायला संगणकाची गरज नाही. गावातली दूध संस्था डोळ्यांसमोर आणा. सकाळी शेतकरी दूध घेऊन येतो. दुधाचे माप होते, फॅट तपासले जाते, त्याच्या कार्डावर आणि संस्थेच्या वहीत नोंद होते. दहा दिवसांनी त्या नोंदींची बेरीज होऊन बिल निघते. यात माणसे आहेत, ठरलेले काम आहे, नोंद आहे आणि त्या नोंदीवरून घेतला जाणारा निर्णय आहे. या चौघांचा मेळ म्हणजे माहिती प्रणाली. वहीच्या जागी संगणक आला म्हणजे नोंद वेगाने होते. पण माप घेणाऱ्यानेच आकडा चुकीचा सांगितला, तर संगणक तो चुकीचा आकडा अधिक वेगाने पुढे पाठवतो, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत डब्याच्या झाकणावर काही अक्षरे, आकडे आणि रंग असतात. कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या भागात, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सगळे त्या खुणांत सामावलेले असते. डबा वाटेत अनेकांच्या हातून जातो, पण प्रत्येकाला आपल्यापुरते हवे तेवढे झाकणावरून कळते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यासासाठी एक केस तयार केली. आपल्या मावळ-जुन्नरकडच्या माणसांची रीत अशी परदेशातल्या वर्गात अभ्यासाला गेली.

विद्यापीठांत हा विषय फार जुना नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९६८ च्या सुमारास प्राध्यापक गॉर्डन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाया घातला. १९७४ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात जे नुनामेकर यांनी स्वतंत्र विभाग सुरू केला. १९७७ पासून 'एमआयएस क्वार्टर्ली' हे नियतकालिक निघू लागले. कंपन्यांनी मोठमोठी यंत्रे विकत घेतली होती, ती चालवणारे अभियंतेही होते. पण त्या यंत्रांतून साहेबाला नेमकी हवी ती माहिती वेळेवर का मिळत नाही, या अडचणीतून हा विषय जन्माला आला. म्हणून तो बहुतेक ठिकाणी व्यवस्थापन शाखेत शिकवला जातो, काही ठिकाणी स्वतंत्र माहितीशास्त्र विभागात. संगणकशास्त्राशी त्याचे नाते आहे, पण तो त्याचा धाकटा भाऊ नव्हे.

वर्गात काय चालते

हा अभ्यासक्रम साधारण दीड ते दोन वर्षांचा असतो. सत्राला तीन-चार विषय. ऐकायला कमी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक तासाच्या आधी वाचून जायचे असते आणि नंतर प्रकल्प असतात.

पहिल्या सत्रात बहुधा डेटाबेस हा विषय येतो. माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत कशी ठेवावी, याची मांडणी एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना केली. त्या तक्त्यांचा आराखडा चित्राने कसा काढावा, हे पीटर चेन यांनी १९७६ मध्ये दाखवले. आजही विद्यार्थी हेच शिकून सुरुवात करतात. एका तक्त्यात ग्राहक, दुसऱ्यात मागण्या, आणि दोन्ही जोडणारा ग्राहक क्रमांक. दिसायला सोपे आहे. पण एकाच नावाचे दोन ग्राहक असले, किंवा एकच माणूस दोन नावांनी नोंदला गेला, की घोटाळा सुरू होतो. सातबारावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे असले की काय होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

पुढे माणसांचा भाग येतो. नवी यंत्रणा आणली तरी कर्मचारी ती वापरत का नाहीत? फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये याचे उत्तर मांडले. ती आपल्या कामाला उपयोगी आहे असे माणसाला वाटले पाहिजे आणि ती वापरायला सोपी आहे असेही वाटले पाहिजे. या दोन वाटण्यांवर बरेच काही ठरते. ऐकताना अगदी साधे वाटते. पण कोट्यवधींच्या यंत्रणा याच कारणाने पडून राहिल्या आहेत.

वर्गात फसलेल्या प्रकल्पांचा अभ्यास आवर्जून होतो. हर्शी या चॉकलेट कंपनीची १९९९ मधली गोष्ट पुष्कळ ठिकाणी शिकवतात. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून कंपनीने मागण्या आणि पुरवठा सांभाळणारी नवी यंत्रणा बसवली. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत आटोपले आणि हॅलोवीनच्या ऐन हंगामाच्या तोंडावर ते सगळे एकदम सुरू केले. गोदामात चॉकलेट होते, दुकानदारांची मागणी होती, पण माल वेळेवर निघेना. सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या पुऱ्या करता आल्या नाहीत. पुढे आलेल्या कारणांतले एक असे की, माल ठेवण्याच्या काही तात्पुरत्या जागांची नोंद नव्या यंत्रणेत झालीच नव्हती. जुन्या कामगारांना त्या जागा तोंडपाठ होत्या. त्यांना पुरेसे कोणी विचारले असते, तर ही एक अडचण तरी टळली असती.

इथे आपल्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा असते. आपल्याकडे बारावीपासून अभियांत्रिकीपर्यंत उत्तर देण्याची सवय लागते, प्रश्न विचारण्याची लागत नाही. तिथल्या वर्गात बोलण्याला गुण असतात. सर म्हणतात, "तुम्ही या कंपनीत गेलात, तर पहिल्या दिवशी कोणाला काय विचाराल?" आपल्या मुलांना एसक्यूएल झकास येते, प्रोग्रॅम झटपट लिहिता येतो, पण या प्रश्नाशी ती अडखळतात. प्राध्यापकाला नावाने हाक मारायची, त्यांच्या ठरलेल्या वेळी खोलीत जाऊन 'मला हे समजलं नाही' म्हणायचे, गटात चिनी, ब्राझिली, अमेरिकी सोबत्यांशी वाद घालायचा आणि तरी प्रकल्प वेळेवर द्यायचा, याची सवय व्हायला एक सत्र जाते. ज्याला ती लवकर लागते, त्याला हा विषय लवकर कळतो, कारण लोकांशी बोलून त्यांची गरज ओळखणे हाच विषयाचा गाभा आहे.

आणखी एक सांगायला हवे. मित्राच्या वहीतून उतरवून देणे आपल्याकडे किरकोळ समजले जाते. तिथे तो गंभीर गुन्हा ठरतो आणि प्रकरण विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत जाऊ शकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर प्रत्येक प्राध्यापक सत्राच्या सुरुवातीलाच लेखी सांगतो, की यंत्राची मदत कुठे चालेल आणि कुठे नाही. तो कागद नीट वाचावा. त्यातून एक जाणवते. साधा प्रोग्रॅम आता यंत्रही लिहून देते. पण गोदामातल्या कामगाराशी बोलून अडचण समजून घेण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते.

चौघांचे घर

आता घराकडे वळू. बहुतेक मुले तीन-चार जण मिळून दोन खोल्यांचे घर घेतात. भाड्याच्या करारावर सगळ्यांच्या सह्या असतात. एकाने मध्येच घर सोडले, तर उरलेल्यांवर बोजा येऊ शकतो. म्हणून सही करण्याआधी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. भिंतीवर कामाचे वेळापत्रक लागते. सोमवारी भात-वरण कोणी लावायचे, भांडी कोणी घासायची, कचरा कोणी टाकायचा. घरी ज्याने कुकर कधी लावला नाही, तो दिवाळीपर्यंत चार भाज्या शिकतो. पोळ्या मात्र इंडियन स्टोअरमधून गोठवलेल्याच येतात. ते दुकान बसच्या वाटेवर नसले, तर गाडीवाल्या सीनियरची मर्जी सांभाळावी लागते.

सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. ग्रंथालयाचे टेबल, भोजनगृह, संगणक प्रयोगशाळा, असली ही कामे. यातून किराणा आणि थोडे भाडे सुटते. फी सुटत नाही. प्राध्यापकाच्या हाताखाली शिकवण्याचे किंवा संशोधनाचे काम मिळाले, तर कधी कधी फीमध्येही सवलत मिळते. पण व्यवस्थापन शाखेतल्या अशा अभ्यासक्रमांत ही कामे थोडी असतात. ती मिळतीलच असे धरून हिशेब मांडू नये.

या कमाईवर करविवरण भरायचे असते. फार थोड्या पालकांना माहीत असते, की भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करारातील एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथल्या रहिवाशांप्रमाणे प्रमाणित वजावट घेता येते. कमाई काहीच नसली तरी एक साधा फॉर्म भरून द्यावाच लागतो.

आजारपणाचीही तयारी हवी. विमा घेणे बहुतेक विद्यापीठांत सक्तीचे असते, पण विमा असला तरी काही भाग आपल्याला भरावा लागतो, आणि थेट तातडीच्या विभागात गेले तर बिल पाहून ताप वाढतो. आधी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जावे, हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावे.

मनाचेही तसेच आहे. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्याच्या आपण साडेदहा तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेनऊ. इथे रात्रीची जेवणे होतात, तेव्हा तिकडे सकाळची धावपळ असते. फोनवर चेहरा दिसतो, 'जेवलास का?' विचारले जाते, 'हो' असे उत्तर येते. बर्फ पडत असताना, सायंकाळी पाचला अंधार झालेला असताना, गेल्या परीक्षेत गुण कमी पडलेले असताना तो 'हो' कसा निघतो, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. विद्यापीठांत समुपदेशक असतात, आणि त्यांच्याकडे जाण्यात काही कमीपणा नाही. अनेक शहरांत महाराष्ट्र मंडळेही आहेत. त्यांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करते आहे. गणपतीत पंगतीला बसलेले मूल चार दिवस टवटवीत दिसते.

कर्जाचा हिशेब

पैशांचे गणित थोडे वेगळ्या तऱ्हेने पाहू. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाख रुपयांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते. अमेरिकेच्या शिक्षणाला त्याहून किती तरी अधिक रक्कम लागते, म्हणून घर किंवा जमीन गुंतते. कर्ज रुपयांत असते, फी डॉलरमध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये डॉलर सुमारे ८४ रुपयांना होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या पुढे गेला. समजा एका सत्राची फी १२,००० डॉलर आहे. ८४ च्या दराने ती १० लाख ८ हजार रुपये होते, ९० च्या दराने १० लाख ८० हजार. फी एका डॉलरनेही वाढली नाही, तरी ७२ हजार रुपये जास्त गेले. म्हणून कर्ज मंजूर करून घेताना थोडी वाढीव तरतूद ठेवावी.

मदतीच्या वाटाही आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर, जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला, आठ वर्षांपर्यंत वजावट मिळत आली आहे. अर्जांच्या तारखा मात्र प्रवेशाच्या आधी येतात. प्रवेश मिळाल्यावर शोधायला निघालो तर गाडी सुटलेली असते.

जी यंत्रणा शिकतो, तिच्यातच राहतो

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. माहिती प्रणाली शिकायला गेलेला आपला विद्यार्थी विमानातून उतरण्याआधीच एका मोठ्या माहिती प्रणालीत नोंदला गेलेला असतो. तिचे नाव सेव्हिस. परदेशी विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारी ही अमेरिकी सरकारची यंत्रणा. ती का उभी राहिली, तेही ऐकण्यासारखे आहे. अशी नोंद ठेवावी असा कायदा १९९६ मध्येच झाला होता, पण काम रेंगाळले. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, मार्च २००२ मध्ये, हल्ला करून मेलेल्या दोघांना विद्यार्थी म्हणून मंजुरी मिळाल्याची कागदपत्रे फ्लोरिडातल्या विमान प्रशिक्षण शाळेत टपालाने येऊन पडली! कागदी कारभार किती मागे होता, हे जगाला दिसले. २००३ मध्ये सेव्हिस सक्तीची झाली.

विद्यापीठ प्रवेश देते, म्हणजे सेव्हिसमध्ये विद्यार्थ्याची नोंद उघडते आणि आय-२० हा कागद पाठवते. त्यावर सेव्हिस क्रमांक असतो. मग सेव्हिसचे शुल्क, व्हिसाचा अर्ज, मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत. तिथे पोचल्यावरही नोंद चालूच राहते. दर सत्रात नाव नोंदवले का, ठरलेले पूर्ण विषय घेतले का, पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवला का, नोकरी करतो ती परवानगीची आहे का. विद्यापीठातला नेमलेला अधिकारी ही माहिती भरतो. जड वाटला म्हणून एक विषय अधिकाऱ्याला न विचारता सोडून दिला आणि पूर्ण वेळेची अट मोडली, तर अभ्यासात पहिला असलेला विद्यार्थीही कायद्याच्या नजरेत अडचणीत येतो.

नावापासूनच काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी रीत. कुठे वडिलांचे नाव मधले म्हणून जाते, कुठे पहिल्या नावाला चिकटते, कुठे गळते. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल, तर तिकडच्या नोंदीत चमत्कारिक नाव तयार होते. पासपोर्टवर जसे नाव असेल तसेच परीक्षेत, अर्जात, आय-२० वर असावे. डेटाबेसच्या पहिल्या धड्यातली 'एकच माणूस, दोन नावे' ही अडचण इथे स्वतःच्या बाबतीत उभी राहते.

दुसरी बारीक गोष्ट एका सहा आकडी संकेतांकाची आहे. शिक्षण संपल्यावर बारा महिने प्रशिक्षण म्हणून नोकरी करता येते. तिला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटातल्या पदवीला ही मुदत वाढवून मिळते. २००८ मध्ये ही वाढ १७ महिन्यांची होती, २०१६ मध्ये ती २४ महिन्यांची झाली. आपल्या विषयाची गंमत अशी, की तो दोन घरांचा पाहुणा आहे. माहितीशास्त्राचा ११.०४०१ हा संकेतांक त्या यादीत आहे. पण व्यवस्थापन शाखेच्या ५२ ने सुरू होणाऱ्या मालिकेतले बरेच संकेतांक नाहीत. दोन विद्यापीठांच्या पदव्यांचे नाव जवळजवळ एकच असते, आणि संकेतांक वेगळा असल्याने एका विद्यार्थ्याला तीन वर्षे मिळतात, दुसऱ्याला एकच. घर तारण ठेवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या सहा आकड्यांवर दोन वर्षांची कमाई अवलंबून असते. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला ईमेल करून हा संकेतांक विचारावा. उत्तर लेखी मिळते.

ओपीटीतही घड्याळ चालू असते. पहिल्या मुदतीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वाढीव मुदत मिळाली तर एकूण १५० दिवस. अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. शहाणी मुले पहिल्या संधीलाच अर्ज करतात.

त्यापुढे एच-१बी. वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकेत पदव्युत्तर झालेल्यांसाठी २०,००० अशी मर्यादा आणि अर्ज त्याहून खूप जास्त, म्हणून निवड सोडतीने होत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा आदेश निघाला. घराघरांत घबराट झाली. पुढच्या महिन्यात खुलासा आला, की देशातच राहून विद्यार्थी व्हिसावरून दर्जा बदलणाऱ्यांना ते लागू नाही. मधले ते चार-पाच आठवडे कोणी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. यावरून एवढे घ्यावे, की कर्जाचा हिशेब एच-१बी धरून मांडू नये. ओपीटीत आणि परत आल्यावर इथल्या पगारात कर्ज कसे फिटेल, हेही मांडून पाहावे.

जुळणी म्हणजे अर्थ नव्हे

२०२५ च्या एप्रिलमध्ये एक मोठा प्रसंग घडला. अमेरिकी सरकारने सुमारे १३ लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या एफबीआयच्या डेटाबेसशी ताडून पाहिली. सुमारे ६,४०० नावे जुळली. त्यावरून काही हजार विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी बंद करण्यात आल्या. अनेकांना हे विद्यापीठाच्या ईमेलवरूनच कळले. त्यांत असेही होते, की ज्यांचे प्रकरण वाहतुकीच्या किरकोळ नियमाचे होते किंवा न्यायालयाने केव्हाच काढून टाकले होते. विद्यार्थी ठिकठिकाणच्या न्यायालयांत गेले. अनेक न्यायाधीशांनी त्यांना तात्पुरता दिलासा दिला आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी पुन्हा सुरू करत असल्याचे न्यायालयात सांगितले.

आपल्या देशात कोण येतो, हे तपासण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला आहे. पण माहिती प्रणाली शिकणाऱ्याने या प्रसंगाकडे वर्गातल्या नजरेने पाहावे. दोन तक्ते जोडले आणि नाव जुळले. आता त्या ओळीचा अर्थ काय? नुसती तक्रार, अटक, खटला, सुटका, शिक्षा, हे पाच वेगळे रकाने आहेत. 'नोंद आहे' एवढ्यावर निर्णय घेतला, तर हे पाचही एकच होऊन जातात. जोडणी यंत्र क्षणात करते. अर्थ लावायला माणूस, वेळ आणि समोरच्याला विचारणे लागते. हर्शीच्या गोदामातही हेच राहून गेले होते.

उद्या हीच मुले रुग्णालयांच्या, बँकांच्या, सरकारी योजनांच्या यंत्रणा उभ्या करणार आहेत. कोणी पिट्सबर्गमध्ये करेल, कोणी पुण्यात. बोटाचा ठसा उमटला नाही म्हणून एखाद्या म्हातारीचे धान्य अडू नये, आडनावातल्या एका अक्षरासाठी शेतकऱ्याचे अनुदान थांबू नये, अशी सोय यंत्रणेत आधीच ठेवणे त्यांच्या हाती असेल. परक्या देशाच्या डेटाबेसमध्ये आपण केवळ एक ओळ होऊन कसे राहिलो, हे ज्यांना आठवेल, ती मुले ही सोय ठेवायला विसरणार नाहीत, अशी आशा करायला जागा आहे.

तेव्हा, पालकहो, मुलांना निरोप देताना लोणच्याच्या बरणीबरोबर काही गोष्टी जरूर विचारून घ्या. पदवीचा संकेतांक काय? सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे का? डॉलर पाच रुपयांनी वाढला तर पैसे कुठून आणायचे? विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याचे नाव काय, फोन कोणता? आय-२०, व्हिसा, प्रवेशपत्र यांच्या प्रती घरीही एका फायलीत ठेवा. आणि पुढच्या वेळी कोणी विचारले, "म्हणजे कॉम्प्युटरच ना?" तर त्याला दूध डेअरीचे उदाहरण द्या. त्याला विषय समजेल, आणि आपले मूल तिकडे काय करते आहे, तेही.